एमआरआयची धास्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एमआरआय टेक्निशियन आहे. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन पहिल्यांदाच येणारी माणसं नोंदणीच्या खिडकीपाशी जे विचारतात, आणि तिथे विचारायचा संकोच वाटल्यामुळे थेट आत आडवं झाल्यावर विचारतात, ते इथे एकत्र लिहिलं आहे. जिथे भीती जास्त, तिथे उत्तरही लांबलं आहे. तुमच्या आजाराबद्दलचे निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

एवढी भीती वाटणं बरोबर आहे का? घरचे म्हणतात, ‘नुसतं तर पडून राहायचंय, त्यात काय एवढं!’

बरोबरच आहे. अरुंद जागा, डोकं हलवायला मनाई, कानाशी दणदणाट आणि रिपोर्टमध्ये काय निघेल याची धाकधूक, हे सगळं एकदम अंगावर आल्यावर छातीत धडधडणारच. रात्री-अपरात्री घाटातून ट्रक नेणारी माणसं इथे येऊन घामाघूम होतात. धीटपणाशी याचा काही संबंध नाही.

घरच्यांना एक विनंती आहे. ‘त्यात काय एवढं’ म्हणू नका. ते ऐकलं की माणूस भीती गिळून टाकतो, आमच्याशीही बोलत नाही, आणि मग मशीन सुरू झाल्यावर ती उसळून वर येते. आधी कानावर आलेल्या भीतीवर आम्हाला बरंच काही करता येतं. ‘मला बंद जागेची भीती वाटते’ हे एक वाक्य फोनवर वेळ घेतानाच सांगा. मग आम्ही तुमच्यासाठी जरा सवडीची वेळ ठेवतो, आधी खोली दाखवतो, घाई करत नाही.

आत गेल्यावर नेमकं काय काय होतं?

आधी एक फॉर्म भरून घेतात: ऑपरेशन झालंय का, अंगात कुठे धातू आहे का, किडनीचा त्रास, गरोदरपण. तेच प्रश्न दोन-तीन जण वेगवेगळे विचारतील. वैतागू नका. मुद्दाम पुन्हा विचारायची पद्धत आहे ती, कारण दुसऱ्यांदा विचारल्यावरच लोकांना वीस वर्षांपूर्वी हाडात बसवलेला स्क्रू आठवतो.

मग कपडे बदलून गाऊन घालायचा आणि आत यायचं. खोली थंड असते. पांघरूण मागा, मिळतं. टेबलावर आडवं झालात की ज्या भागाचा स्कॅन करायचा आहे त्यावर कॉइल, म्हणजे शरीरातून येणारा संदेश टिपणारं साधन, बसवतात. गुडघ्याची कॉइल गुडघ्याभोवती, पोटाची पोटावर, त्याचं कुणाला काही वाटत नाही. डोक्याच्या स्कॅनला मात्र चेहऱ्यावर पट्ट्यापट्ट्यांची एक चौकट येते, आणि बऱ्याच जणांचा धीर सुटतो तो इथेच. ती चौकट आधी हातात घेऊन बघायला मागा. प्लास्टिकचीच असते. आम्ही ती चुटकीसरशी काढू शकतो. पुष्कळ मशीनमध्ये तिच्यावर छोटा तिरका आरसा लावता येतो, त्यातून पायाकडची खोली आणि काचेपलीकडे बसलेले आम्ही दिसतो.

कानात बोळे, वर हेडफोन, हातात दाबायचा रबरी बल्ब. टेबल थोडं वर उचललं जातं आणि सावकाश आत सरकतं. मग आवाज सुरू होतो, थांबतो, थोडी शांतता, पुन्हा वेगळा आवाज. असा एकेक टप्पा साधारण २ ते ६ मिनिटांचा. सगळं मिळून बहुतेकदा २० ते ४० मिनिटं, चित्र जास्त स्पष्ट यावं म्हणून इंजेक्शन द्यायचं असेल तर थोडी जास्त. दोन टप्प्यांच्या मधे गिळून घ्या, खोकायचं असेल तर खोका. आवाज चालू असताना मात्र स्तब्ध राहायचं.

त्या बोगद्यात जीव गुदमरत नाही का?

हवा कमी पडत नाही. बोगदा दोन्ही बाजूंनी उघडा असतो. त्याचा व्यास ६० सेंटिमीटर, नव्या मशीनमध्ये बहुधा ७०, आणि लांबी दीड-पावणेदोन मीटर. आत दिवा आणि पंखा असतो. पंखा वाढवून मागता येतो. जागा अरुंद आहे, हे मात्र खरं. चेहरा आणि वरचं छत यांत वीतभरही अंतर नसतं. ‘छान मोकळं असतं’ असं सांगून मी कुणाला आत पाठवत नाही.

मग गुदमरल्यासारखं का वाटतं? घाबरल्यावर आपण भराभर, वरच्यावर श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि ‘हवा पुरत नाही’ असं वाटून माणूस आणखी जोरात श्वास ओढतो. ऑक्सिजन तेव्हा भरपूर असतो. यावर उतारा म्हणजे श्वास सोडायचा वेळ वाढवणं. नाकाने चार मोजत आत घ्या, सहा मोजत हळूहळू बाहेर सोडा. छाती फार न हलवता, पोटाने. तीन-चार मिनिटांत धडधड उतरू लागते. सुरुवातीचीच मिनिटं अवघड असतात.

आणि डोळे टेबल हलायच्या आधीच मिटा. आत गेल्यावर मिटायचे असं ठरवलं, तर छत जवळ येताना दिसतं आणि ते चित्र मिटल्या डोळ्यांपुढेही राहतं. डोळ्यांवर घडी केलेला रुमाल ठेवून मागा. घामाने किंवा सवयीने डोळे उघडले तरी मग समोर फक्त कापड असतं.

सहन झालं नाही तर बाहेर काढतात का? की ‘आता पूर्ण करा’ म्हणतात?

बल्ब दाबला की आमच्याकडे घंटा वाजते आणि आम्ही तुमच्याशी बोलतो. ‘बाहेर काढा’ म्हणालात की काढतो. तो तुमचा हक्क आहे, आणि त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. मी तर सगळ्यांना स्कॅनच्या आधी एकदा बल्ब दाबून बघायला लावतो. घंटा वाजते, मी धावत येतो, हे एकदा स्वतः अनुभवलं की हाताची मूठ सैल पडते. तुमच्या तिथे कुणी असं सुचवलं नाही, तर तुम्हीच म्हणा: ‘एकदा दाबून बघू का?’

मध्येच लाईट गेली तर मी आत अडकेन का?

नाही. बहुतेक ठिकाणी यूपीएस आणि जनरेटर असतो. तोही चालला नाही तर स्कॅन थांबेल, पण टेबल हाताने ओढून बाहेर काढता येतं. तशी सोय टेबलातच केलेली असते आणि आम्हाला ती शिकवलेली असते.

आवाज एवढा भयंकर का? मशीन जुनं आहे म्हणून का?

जुनं-नवं दोन्ही मशीन आवाज करतात. मोठ्या चुंबकाच्या आत आणखी काही तारांची वेटोळी असतात आणि त्यांतली वीज क्षणाक्षणाला चालू-बंद होते. चुंबकाच्या क्षेत्रात असल्यामुळे प्रत्येक वेळी त्या वेटोळ्यांना हिसका बसतो आणि ती थरथरतात. तोच हा ठकठकाट. काही टप्प्यांत तो १०० डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानात बोळे हवेतच. नीट बसले नसतील तर स्कॅन सुरू व्हायच्या आधी सांगा. प्रत्येक टप्प्याची लय वेगळी असते: कधी दारावर कुणी थडाथड वाजवतंय असं वाटतं, कधी बारीक गुणगुण, आणि काही टप्प्यांत टेबलही किंचित थरथरतं. काही बिघडलेलं नसतं. ऐकायची आधी सवय करायची असेल तर इंटरनेटवर एमआरआयच्या आवाजाच्या ध्वनिफिती सापडतात.

यातून रेडिएशन लागतं का? वर्षात दुसऱ्यांदा सांगितलाय.

एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये असतात ते किरण एमआरआयमध्ये नसतात. इथे चुंबक आणि रेडिओलहरी. शरीरातल्या पाण्यातले हायड्रोजनचे कण चुंबकात रांगेत येतात, रेडिओलहरींनी जरा ढळतात, पुन्हा जागेवर येताना बारीकसा संदेश सोडतात, आणि त्या संदेशांवरून चित्र तयार होतं. तुम्हाला यातलं काही जाणवत नाही. रेडिओलहरींमुळे अंग किंचित उबदार लागू शकतं. याच कारणाने आम्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफू देत नाही, पायांवर पाय टाकू देत नाही, मांड्यांच्या मधे कापड घालतो. कातडीला कातडी टेकली तर तिथे चटका बसू शकतो. एखाद्या जागी चटका बसल्यासारखं वाटलं, तर सोसत पडू नका, लगेच बल्ब दाबा.

मंगळसूत्र, जोडवी काढावीच लागतात का? सासूबाईंनी लग्नापासून कधी काढलेली नाहीत.

काढावी लागतात, आणि हे सांगताना दरवेळी जपून सांगावं लागतं, कारण कित्येक जणींना ते मनाला लागतं. सोनं चुंबकाला चिकटत नाही, पण मंगळसूत्राची तार, फासा, वाट्यांचा जोड यांत कोणता धातू आहे ते कुणालाच माहीत नसतं. शिवाय धातू तापू शकतो आणि चित्रात काळा डाग पडतो. सूनबाईंनी किंवा लेकीने ते स्वतःच्या हाताने काढून रुमालात गुंडाळून जवळ ठेवावं. तोवर सासूबाईंच्या गळ्यात साधा सुती काळा दोरा घातला तरी चालतो.

जोडवी घट्ट बसलेली असतात, तिथे खरी पंचाईत होते. पायाला सूज असेल तर ती आयत्या वेळी निघत नाहीत आणि ओढाओढीत माणूस रडकुंडीला येतो. आदल्या रात्री कोमट पाण्यात पाय ठेवून, साबण किंवा खोबरेल तेल लावून घरीच काढून या.

बाकी आठवायच्या गोष्टी: साडीची सेफ्टी पिन, ब्लाउजचे हूक, केसांतले आकडे, नथ, कुड्या, करगोटा, दंडाचा ताईत, कवळी, कानाचं यंत्र, घड्याळ, मोबाइल, पाकिटातली कार्डं. चमकीची टिकली आणि काजळ डोक्याच्या स्कॅनला काढायला सांगतात. औषधाची पट्टी अंगावर चिकटवलेली असेल तर तिच्यात धातूचा पापुद्रा असू शकतो, तेही सांगा. गोंदण असेल तर नुसतं सांगून ठेवा. त्यासाठी स्कॅन अडत नाही.

हृदयात स्टेंट आहे, पायात रॉड आहे. तरी चालतं का?

स्टेंट आणि हाडातले रॉड-प्लेट बहुतेकदा चालतात. कॉपर-टीही बहुधा चालते. पेसमेकर, कानाच्या आतलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूच्या रक्तवाहिनीला लावलेली क्लिप यांबाबत मात्र मॉडेल बघूनच ठरवावं लागतं: काही चालतात, काही अजिबात नाही. म्हणून ऑपरेशनची फाइल आणि इम्प्लांटचं कार्ड घेऊनच या. लेथवर, वेल्डिंगला किंवा ग्राइंडरवर काम केलेल्यांनी आवर्जून सांगा. डोळ्यात कधीकाळी लोखंडाचा कण गेला असेल तर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढून खात्री करतात.

हे प्रश्न ऐकून भीती वाढते, याची मला कल्पना आहे. पण तुमची सुरक्षितता प्रामुख्याने या फॉर्मवरच अवलंबून आहे. तो खरा भरला, तर आत घाबरण्यासारखं फार थोडं उरतं.

माझ्यासोबत कुणी आत बसू शकतं का?

पुष्कळ ठिकाणी बसू देतात. मात्र त्यांचीही तीच तपासणी होते, अंगावरचं सगळं धातूचं बाहेर ठेवावं लागतं, आणि त्यांनाही कानात बोळे लागतात. पायाला किंवा घोट्याला हात लावून बसलेलं आपलं माणूस म्हणजे फार मोठा आधार असतो. ‘झोपलास का, झालं का’ असं मधे विचारू मात्र नये, उत्तर द्यायला डोकं हलतं.

सोबतच्यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. चुंबक चोवीस तास चालू असतो, स्कॅन चालू नसतानाही. १.५ टेस्लाचा (टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत महापालिकेच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला रुग्णाचा नातेवाईक सिलिंडरसकट मशीनकडे खेचला जाऊन दगावला. मशीन बंद आहे असं त्याला सांगितलं गेलं होतं, असं घरच्यांचं म्हणणं होतं. तेव्हा व्हीलचेअर, स्ट्रेचर, सिलिंडर, काठी, काहीही असो, टेक्निशियनला विचारल्याशिवाय दारातून आत न्यायचं नाही. कुणी कितीही घाई करू दे.

घरी काही सराव करता येतो का?

येतो, आणि त्याचा उपयोग होतो. खाटेखाली किंवा जेवणाच्या टेबलाखाली चटई टाकून उताणे पडा, हात अंगालगत, डोळ्यांवर रुमाल. मोबाइलवर एमआरआयचा आवाज लावा. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, मग दहा, मग वीस. खाज आली तरी खाजवायचं नाही. थोड्या वेळाने ती आपोआप जाते, आणि हे कळणंच महत्त्वाचं. त्यात श्वासाचा सरावही करा.

मनाला काय काम द्यायचं ते आधी ठरवून या. कुणी पाठ असलेलं स्तोत्र मनात म्हणतं, कुणी अभंग, कुणी पाढे. एकोणतीसचा पाढा मन चांगलं गुंतवून ठेवतो. माझ्याकडे येणाऱ्या एक आजी आपल्या गावची वाट मनात चालतात: एसटी स्टँड, पाराखालचं दुकान, ओढा, बांध, घर. तिथे पोचल्या की पुन्हा स्टँडवरून सुरुवात. ओठ न हलवता करायचं, एवढीच अट.

त्या दिवशी चहा-कॉफी कमी घ्या आणि आत जायच्या अगदी आधी लघवीला जाऊन या. पंधराव्या मिनिटाला भरलेलं मूत्राशय भीतीइतकंच छळतं. पोटाच्या काही स्कॅनना चार ते सहा तास उपाशी राहायला सांगतात. बाकीच्यांना बहुधा नाही. तुमच्या सेंटरला विचारा, उगाच उपाशी येऊ नका.

शांत राहायची गोळी मिळते का?

मिळते, पण तुमच्या डॉक्टरांकडून, चिठ्ठीवर. शेजारणीच्या पाकिटातली अर्धी गोळी घेऊन येऊ नका. झोपेत श्वास अडकणाऱ्यांना, दमेकऱ्यांना, वयस्कांना आणि ज्यांची इतर औषधं चालू आहेत त्यांना ती भारी पडू शकते. गोळी घेतली असेल तर आम्हाला सांगा, सोबत कुणाला तरी आणा, आणि त्या दिवशी गाडी चालवू नका. लहान मुलांना किंवा अगदीच न जमणाऱ्यांना भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली झोपवूनही स्कॅन करतात. त्यासाठी वेगळी तारीख आणि उपाशीपोटी यावं लागतं.

‘ओपन एमआरआय’ करून घेतला तर?

बाजू मोकळ्या असतात, त्यामुळे पुष्कळांना तो सोसतो. पण त्यांचा चुंबक बहुधा कमी ताकदीचा, त्यामुळे वेळ जास्त लागतो आणि बारीक तपशील कमी दिसतो. तुमच्या तक्रारीला तेवढं चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. त्याआधी ७० सेंटिमीटरचं मशीन जवळपास कुठे आहे का, याची चौकशी करा. गुडघा किंवा घोट्याचा स्कॅन असेल तर पाय आधी आत जातात आणि डोकं बाहेर राहतं. कंबरेच्या स्कॅनलाही कधी कधी पायाकडून आत नेता येतं, विचारून बघा.

इंजेक्शनने अंग पेटल्यासारखं होतं म्हणतात, खरं का?

तो अनुभव सीटी स्कॅनच्या आयोडीनवाल्या इंजेक्शनचा. त्यात अंगभर गरम लाट येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. एमआरआयमध्ये गॅडोलिनियमचं इंजेक्शन असतं: हाताला थंडावा, कधी तोंडाला धातूची चव, क्वचित मळमळ. अ‍ॅलर्जी होऊ शकते, पण विरळा. किडनीचा आजार असेल तर आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ताची तपासणी, बघतात. गरोदर असाल तर सांगायलाच हवं, तेव्हा हे इंजेक्शन शक्यतो टाळतात.

एवढा वेळ का लागतो? आणि मधेच ‘अजून एक टप्पा घेऊ’ म्हणाले, म्हणजे काही सापडलं का?

जुलै १९७७ मध्ये न्यूयॉर्कला रेमंड दमेडियन यांच्या पथकाने जिवंत माणसाच्या शरीराचा पहिला स्कॅन काढला, तेव्हा छातीच्या एका आडव्या छेदाला जवळपास ५ तास लागले होते. आता अर्ध्या तासात शेकडो छेद निघतात.

जादा टप्प्याची कारणं बहुतेकदा साधी असतात: तुम्ही हललात, श्वासाने चित्र धूसर आलं, किंवा डॉक्टरांना दुसऱ्या कोनातून बघायचं आहे. आमच्या चेहऱ्यावरून निकाल वाचू नका. रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट, म्हणजे स्कॅनची चित्रं वाचणारे डॉक्टर, देतात, आम्ही नाही. आम्ही गप्प राहतो ते नियम म्हणून. पण आत पडलेल्या माणसाला ती शांतता खायला उठते, हे मला कळतं. म्हणून मी दर टप्प्याआधी माइकवरून सांगतो: ‘आता चार मिनिटांचा आहे.’ तुमच्याकडे कुणी सांगत नसेल, तर सुरुवातीलाच सांगून ठेवा: ‘किती मिनिटं ते दर वेळी सांगत जा.’

मला मशीनची नाही, रिपोर्टची भीती वाटते.

कॅन्सरच्या उपचारानंतर दर काही महिन्यांनी येणारे कितीतरी जण हेच सांगतात. तारीख जवळ आली की झोप उडते, जेवण जात नाही. यावर श्वासाचा उपाय तोकडा पडतो. इथे कामी येते ती व्यवस्था. स्कॅनची तारीख घेतानाच डॉक्टरांना भेटायची वेळही ठरवून घ्या, जितकी लगेच मिळेल तितकी. मधले दिवस कमी झाले की जाच कमी होतो. रिपोर्टची पीडीएफ रात्री अकराला मोबाइलवर आली तर एकट्याने उघडू नका. ती आधी कुणी बघायची, हे घरात ठरवून टाका.

आणि रिपोर्टमधला प्रत्येक शब्द म्हणजे आजार नव्हे. पाठदुखी अजिबात नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. ‘डिस्क बल्ज’, म्हणजे चकती फुगून जरा बाहेर येणं, विशीतही ३० टक्क्यांत होता. तेव्हा असे शब्द वाचून इंटरनेटवर शोधत बसण्याआधी तो कागद तुम्हाला तपासलेल्या डॉक्टरांपुढे ठेवा. जुन्या फिल्म्स आणि सीडी सोबत न्या, म्हणजे काय नवं आणि काय जुनं ते कळतं.

वडिलांना कमी ऐकू येतं आणि ते लवकर गोंधळतात. कसं करावं?

कानाचं यंत्र आत नेता येत नाही, त्यामुळे ते काढायच्या आधीच सगळं समजावून सांगावं लागतं. खुणा ठरवा: पायाला एकदा थोपटलं की सुरू होतंय, दोनदा थोपटलं की संपलं. सकाळची वेळ घ्या. संध्याकाळी गोंधळ वाढतो. रोजच्या ओळखीचं माणूस सोबत द्या, कधीमधी भेटणारा भाचा नको.

मागच्या वेळी मी मधेच बाहेर आले. पुन्हा जाऊ की नको?

जा. मधेच बाहेर आलेली पुष्कळ माणसं दुसऱ्या खेपेला पूर्ण करतात. कुठल्या क्षणी सहन होईना, ते आठवून आम्हाला सांगा. चौकट चेहऱ्यावर आली तेव्हा? टेबल आत गेलं तेव्हा? की दहा मिनिटांनी, पाठ दुखायला लागल्यावर? तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे. पहिल्याला रुमाल आणि आरसा, दुसऱ्याला आवाजाविना एकदा आत-बाहेर करून बघणं, तिसऱ्याला गुडघ्यांखाली उशी. दिवसातली पहिली वेळ मागा, म्हणजे बाहेर ताटकळत बसावं लागत नाही. आणि मागच्या खेपेची चित्रं सेंटरमध्ये असतात. काही वेळा उरलेले टप्पेच घेऊन भागतं, तेवढं विचारून घ्या.